दिवस भरल्यानंतरची वाट

मराठी भाषेत गर्भारपणाचा सारा हिशेब दिवसांत मांडला जातो. स्त्रीला दिवस जातात, मग तिचे दिवस भरत येतात आणि प्रसूती सुखरूप पार पडली की ती ‘मोकळी झाली’ असे आपण म्हणतो. या साध्या शब्दप्रयोगांत अनेक पिढ्यांतील बायकांचा अनुभव साठलेला आहे. परंतु दिवस भरले आणि सुटका मात्र अद्याप झाली नाही, अशी जी मधली अवस्था, तिच्याविषयी ‘दिवस वर गेले’ एवढेच बोलून आपण सुस्कारा टाकतो. ही अवस्था फार तर दहा-बारा दिवसांची असते. तथापि ज्या घराने ती अनुभवली आहे त्या घराला ते दिवस जन्मभर आठवतात. माणसाने वाट कशी पाहावी, हा प्रश्न त्या दिवसांत जितका निकडीचा होतो तितका तो एरवी क्वचितच होत असेल. म्हणून त्याचा थोडा विचार करणे उचित ठरेल.

चित्र आपल्या परिचयाचे आहे. पहिलटकरीण माहेरी आलेली असते. धुऊन, उन्हात वाळवून घड्या केलेली दुपटी, झबली, टोपरी कपाटात तयार असतात. दवाखान्यात न्यायची पिशवी दाराशी भरून ठेवलेली असते. रात्री-अपरात्री गाडी कोणी काढायची तेही ठरलेले असते. डॉक्टरांनी दिलेली तारीख उजाडते आणि मावळते. दुसरा दिवस जातो. तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. ‘काय, अजून नाही?’ हा प्रश्न नणंद विचारते, शेजारीण विचारते, रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर भेटणारी प्रत्येक ओळखीची बाई विचारते. प्रश्नात दुष्टावा मुळीच नसतो. असते ती आपुलकीच. परंतु दिवसातून वीस वेळा आलेल्या त्या आपुलकीचे ओझे त्या मुलीला पेलवत नाही. आपल्या शरीराने कर्तव्यात काही कसूर केली आहे, अशी शंका तिला छळू लागते. नोकरी करणारी असेल तर आणखी एक हिशेब मागे लागतो. २०१७ सालापासून कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते. पण ती आधीच सुरू झाली असेल तर तारीख उलटल्यावरचा प्रत्येक दिवस बाळाच्या सहवासातून वजा होत जातो.

या सर्व ताणाचे मूळ त्या तारखेत आहे. तेव्हा ती तारीख येते कोठून, हे पाहिले पाहिजे. हायडेलबर्ग येथील प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ कार्ल नेगेले (१७७८-१८५१) यांच्या नावाने ओळखला जाणारा एक सोपा नियम आहे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यावा, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवावेत, की अपेक्षित तारीख हाती येते. हे अंतर सुमारे २८० दिवसांचे होते. आपल्या आज्या-पणज्या ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणत असत. म्हणजे जर्मन प्राध्यापकांचे गणित आणि आपल्या माजघरातील गणित यांत अवघ्या दोन दिवसांचा फरक! परंतु प्रत्येक स्त्रीची पाळी ठरलेल्या दिवसांनीच येते असे नाही, आणि प्रत्येक गर्भ सारख्याच वेगाने वाढतो असेही नाही. पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीने हा अंदाज पुष्कळ नेमका होतो. तरीही तो अंदाजच राहतो. दिलेल्या तारखेलाच जन्मणारी मुले शंभरात जेमतेम चार-पाच असतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ आठवडे पूर्ण होईपर्यंतचा काळ वैद्यकशास्त्र पूर्ण दिवसांच्या प्रसूतीचा मानते आणि ४२ आठवडे पूर्ण झाल्यावरच दिवस खऱ्या अर्थाने उलटले असे म्हणते. चाळीस आठवडे झाले की लगेच काही चुकले आहे, असा अर्थ होत नाही.

डॉक्टर ‘अपेक्षित तारीख’ म्हणतात. आपण त्यातील ‘अपेक्षित’ हा शब्द गाळतो आणि ‘तारीख’ तेवढी लक्षात ठेवतो. मग अंदाजाचे वचन होते, आणि वचन मोडले की कोणाला तरी जबाबदार धरावेसे वाटते. संत लूकच्या शुभवर्तमानात या बाबतीत एक लक्षणीय गोष्ट आहे. एलिझाबेथच्या आणि पुढे पवित्र मरियेच्या प्रसूतीविषयी लिहिताना तो दिवस भरल्याचा उल्लेख करतो, तारखेचा करत नाही. बाळ जन्मले तेव्हा दिवस भरले होते, असा त्याच्या सांगण्याचा रोख आहे. आपण दिवस आधी मोजतो आणि बाळाने त्या मोजमापात बसावे अशी अपेक्षा धरतो. शुभवर्तमानकार बाळाच्या येण्यावरून दिवसांची पूर्णता ओळखतो.

येथे एक शंका निघेल. ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत २५ मार्च रोजी देवदूताच्या निरोपाचा सण येतो आणि २५ डिसेंबरला नाताळ. मध्ये बरोबर नऊ महिने, म्हणजे २७५ दिवस. पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण ८ डिसेंबरला आणि तिच्या जन्माचा ८ सप्टेंबरला. तेथेही नेमके नऊ महिने. मग नेमकेपणात वावगे ते काय? उत्तर सोपे आहे. उपासनेचे वर्ष हे श्रद्धेने मागे वळून लावलेले वर्ष आहे. घडून गेलेल्या रहस्यांची ती मांडणी आहे. जे अद्याप घडायचे आहे ते मात्र अशा रांगेत उभे राहत नाही.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या अकराव्या भागात काळ म्हणजे काय याचा शोध घेतला आहे. भूतकाळ उरलेला नाही आणि भविष्यकाळ अजून आलेला नाही. मग आपण काळ मोजतो तो कोठे? त्यांचे उत्तर असे की, आपण तो मनातच मोजतो. गेलेला काळ स्मरणाच्या रूपाने, येणारा काळ अपेक्षेच्या रूपाने मनात वास करतो. या विचाराचा पडताळा पाहायचा असेल तर दिवस वर गेलेल्या स्त्रीजवळ एक रात्र बसावे. शेजारणीच्या कॅलेंडरावर जे आठ दिवस असतात ते या स्त्रीच्या मनात आठ महिन्यांएवढे लांबलेले असतात. पोटात जराशी कळ आली की ती घड्याळ पाहते. कळ विरून गेली की हिरमुसते. बाळ हलले की हायसे वाटते आणि पुढची हालचाल होईपर्यंत श्वास अडकून राहतो. तिला ‘अगं, आठ तर दिवस!’ असे म्हणणे म्हणजे आपले घड्याळ तिच्या मनगटावर बांधू पाहणे होय.

ही चिंता म्हणजे श्रद्धेची उणीव आहे काय? काही धार्मिक वृत्तीची माणसे तसे सुचवतात आणि त्या बिचारीच्या चिंतेत अपराधाची भर घालतात. हे योग्य नाही. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला, तेव्हा मरिया आणि योसेफ यांनी त्याला कासावीस होऊन शोधले, असे शुभवर्तमानच सांगते; आणि ती कासाविशी मरियेने स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवली. जिच्या श्रद्धेला तोड नाही त्या मातेलाही मुलाविषयी चिंता वाटली. चिंता ही प्रेमाची सावली आहे. प्रश्न असा आहे की, त्या चिंतेला आपण कोणत्या वाटेने नेतो.

या ठिकाणी संत थॉमस अक्वायनस यांचे विवेचन उपयोगी पडते. आशा या दैवी सद्‌गुणाविरुद्ध दोन पापे आहेत, असे ते सांगतात. एक निराशा आणि दुसरे फाजील भरवसा. निराशेत माणूस देवाकडून काहीच घडणार नाही असे धरून चालतो. फाजील भरवशात तो आपण काहीही केले नाही तरी देव सर्व निभावून नेईल असे धरून चालतो. पहिल्याला आपण लगेच ओळखतो. दुसरे मात्र पुष्कळदा भक्तीचा वेष घेऊन येते आणि म्हणूनच अधिक धोक्याचे असते.

एकेचाळिसावा आठवडा संपत आला आहे, डॉक्टर म्हणतात की आता औषध देऊन कळा सुरू कराव्यात, आणि घरातील वडीलधारे म्हणतात, ‘कशाला निसर्गात ढवळाढवळ? देव बघून घेईल. आमच्या वेळी कुठे होती ही सलाइने?’ असा प्रसंग आपल्या अनेक घरांत येतो. त्यांचा अनुभव खोटा नसतो. बहुतेक मुले उशिरा का होईना, सुखरूप येतातच. परंतु त्या काळी जी आली नाहीत त्यांची आठवण घरात फारशी काढली जात नसे, हेही तितकेच खरे आहे. दिवस फार वर गेले की वारेचे काम मंदावू शकते, गर्भजल कमी होऊ शकते, बाळ पोटातच शी करून ते गिळण्याचा धोका वाढतो. धोका लहान असतो, पण दिवसागणिक तो वाढत जातो.

स्वीडनमध्ये २०१६ ते २०१८ या काळात १४ रुग्णालयांतील सुमारे २,७६० स्त्रियांचा एक अभ्यास झाला. निम्म्या स्त्रियांना ४१ आठवडे पूर्ण होताच कळा सुरू करण्याचे औषधोपचार दिले गेले. उरलेल्यांच्या बाबतीत ४२ आठवड्यांपर्यंत वाट पाहण्यात आली. वाट पाहणाऱ्या गटात सहा बालके दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. शस्त्रक्रियेचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. अभ्यास पुढे चालू ठेवणे योग्य नाही असे ठरवून तो मध्येच थांबवण्यात आला आणि २०१९ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. ४१ आठवडे निश्चितपणे पूर्ण झाले असतील तर कळा सुरू कराव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे. जवळपास चौदाशे स्त्रियांमागे सहा, हा आकडा कागदावर लहान दिसतो. परंतु ज्या सहा घरांत दुपटी तशीच घडीची राहिली त्यांच्यासाठी तो आकडा लहान नव्हता.

सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन उडी टाकण्यास सांगितले, आणि वर देवदूत झेलतील म्हणून धर्मशास्त्राचा आधारही दिला. प्रभूने देवाची परीक्षा पाहण्यास नकार दिला. हातात उपाय असताना तो नाकारून ‘देव बघून घेईल’ म्हणणे हे त्या शिखरावरच्या मोहाचेच घरगुती रूप आहे. ८ जानेवारी १९५६ रोजी पोप पायस बारावे यांनी प्रसूतीच्या वेदना कमी करणाऱ्या पद्धतीविषयी डॉक्टरांपुढे भाषण केले. उत्पत्तीच्या पुस्तकात हव्वेला सांगितलेल्या प्रसूतिवेदनांचा अर्थ, त्या कमी करण्याचे उपाय वापरू नयेत असा होत नाही, असे त्यांनी त्या वेळी स्पष्ट केले. मनुष्याला बुद्धी देणारा आणि बाळ देणारा परमेश्वर एकच आहे. डॉक्टरांच्या हाताला हात लावणे म्हणजे देवाचा हात सोडणे नव्हे.

आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण आपल्या काळाचा अधिक ओढा तिकडे आहे. आज मोहल्ल्यातल्या दुकानापासून परदेशातल्या मालापर्यंत सर्व काही ठरल्या दिवशी घरपोच मिळते. त्याच सवयीने आपण बाळाकडे पाहू लागलो आहोत. कोणी पंचांगातील मुहूर्त साधून शस्त्रक्रिया करून घेतो. आपण त्याला हसतो. परंतु आपल्यातही अमुक सणाच्या दिवशी मूल व्हावे, वडिलांच्या जहाजावरच्या सुट्टीत व्हावे, मामा आखातातून आला आहे तोवर व्हावे, अशी घाई केली जातेच. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवड्यांपूर्वी बाळाला बाहेर ओढू नये, असे आजचे वैद्यकशास्त्र बजावते. कारण शेवटच्या त्या आठवड्यांत फुप्फुसे, यकृत आणि मेंदू यांची वाढ पुरी होत असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ साली देशातील १७.२ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली. २०१९-२१ साली हे प्रमाण २१.५ टक्क्यांवर गेले. त्यातही सरकारी संस्थांत ते १४.३ टक्के होते, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. या आकड्यांमागे अनेक खरी कारणे आहेत आणि हजारो प्राण या शस्त्रक्रियेने वाचले आहेत. तरीही इतकी मोठी तफावत केवळ गरजेने पडते, असे मानणे कठीण आहे. घाईचा, सोयीचा आणि पैशाचाही तिच्यात वाटा आहे.

घाईचे घरगुती प्रकारही आहेत. कोणी एरंडेल पाजायला सांगते, कोणी जिने चढ-उतर करायला लावते, कोणी आणखी काही काढा सुचवते. डॉक्टरांना न विचारता पाजलेल्या एरंडेलाने कळा येवोत न येवोत, जुलाब आणि वांत्या होऊन आधीच थकलेली मुलगी आणखी गळून जाते. अशा उपायांत बाळाच्या हितापेक्षा आपली अस्वस्थता शमवण्याची धडपडच अधिक असते. काहीतरी केले पाहिजे, या भावनेने आपण पुष्कळदा नको ते करतो.

तेव्हा एका बाजूस फाजील भरवसा आणि दुसऱ्या बाजूस उतावीळपणा. एकाला देवाचे नाव पुढे करून डोळे मिटायचे असतात. दुसऱ्याला डोळ्यांसमोर येईल ते आपल्या मुठीत हवे असते. खरी प्रतीक्षा या दोहोंच्या मधून जाते, आणि तिचे स्वरूप आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखले आहे. आपण ‘वाट पाहणे’ म्हणतो. ‘प्रतीक्षा’ या संस्कृत शब्दातही ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हाच धातू आहे. म्हणजे प्रतीक्षा हे मुळात डोळ्यांचे काम आहे. जो येणार आहे त्याच्या वाटेकडे लक्ष लावून राहणे, त्याच्या चाहुलीचा कानोसा घेणे, त्याला उशीर का होत आहे याची चौकशी करणे, गरज पडली तर कंदील घेऊन पुढे जाणे, हे सर्व वाट पाहण्यातच येते. दार लावून झोपणारा वाट पाहत नाही. आणि पाहुण्याला दोरी बांधून ओढणाराही वाट पाहत नाही.

दिवस वर गेलेल्या स्त्रीच्या बाबतीत या पाहण्याला अगदी व्यावहारिक अर्थ आहे. बाळाच्या हालचालींकडे लक्ष ठेवायचे. शेवटच्या दिवसांत बाळाला जागा पुरत नाही म्हणून ते कमी हलते, हा समज चुकीचा आहे. हालचालीची तऱ्हा बदलेल, पण हालचाल मंदावली असे वाटले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. पाणी जाणे, रक्त जाणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांकडे दुर्लक्ष करायचे नाही. डॉक्टर बोलावतील तेव्हा तपासणीला जायचे, आणि ते जो उपाय सुचवतात तो कशासाठी, आणखी थांबल्यास काय होईल, हे निःसंकोच विचारायचे. समाधानकारक उत्तर मिळणे हा त्या मातेचा हक्क आहे. मग थांबायचे ठरो वा औषध घ्यायचे ठरो, दोन्ही निर्णयांत श्रद्धा असू शकते. कारण दोन्ही डोळे उघडे ठेवून घेतलेले असतात.

प्रभू येशूने सांगितलेला दहा कुमारिकांचा दाखला आपण अनेकदा ऐकतो. त्यातील एक तपशील मात्र सहसा आपल्या ध्यानात राहत नाही. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना झोप लागली, शहाण्यांनासुद्धा. फरक जागरणाचा नव्हता; फरक तेलाचा होता. पाचजणींनी आधीच तयारी केली होती, म्हणून त्यांना निश्चिंतपणे डोळा लागू शकला. जी माता रात्रभर छताकडे पाहत पडली आहे तिला हा दाखला दिलासा देईल. तपासणी झाली आहे, पिशवी भरली आहे, गाडी ठरली आहे, बाळ हलते आहे. म्हणजे तेल आहे. आता तिने झोपावे. तिच्या जागे राहण्याने बाळ लवकर येणार नाही, आणि तिच्या झोपण्याने देव तिला विसरणार नाही.

परंतु वाट पाहणे हे तिचे एकटीचे काम नव्हे. एलिझाबेथला सहावा महिना असताना मरिया डोंगराळ प्रदेशातला प्रवास करून तिच्याकडे गेली आणि सुमारे तीन महिने राहिली. त्या तीन महिन्यांत काय झाले हे शुभवर्तमान सांगत नाही. पाणी भरणे, पीठ दळणे, दोन गरोदर बायकांनी संध्याकाळी अंगणात बसणे, असेच काही झाले असेल. त्याच घरातील दुसरी व्यक्ती म्हणजे जखऱ्या. त्याला वाचा नव्हती. शिक्षा म्हणून आलेले ते मौन होते, हे खरे. पण म्हाताऱ्या पत्नीच्या गर्भारपणात त्या घरातील पुरुषाकडून ‘अजून नाही?’ असा प्रश्न एकदाही आला नसेल, हा त्या शिक्षेचा एक लाभच म्हटला पाहिजे! विनोद बाजूला ठेवू. मरियेचे जाणे आणि जखऱ्याचे मौन, या दोन्ही गोष्टी आपल्याला करता येण्यासारख्या आहेत. बाळाची बातमी असेल तर ती आपोआप कळेल. विचारण्याची गरज नाही. विचारण्याऐवजी एका वेळचे कालवण पोहोचते करावे, थोरल्या मुलाला दुपारभर आपल्याकडे आणावे, ‘रात्री कधीही हाक मारा, गाडी तयार आहे’ असा निरोप ठेवावा. वाट पाहणारीसोबत आपणही वाट पाहत आहोत, एवढे तिला कळले तरी पुष्कळ झाले.

ख्रिस्तसभेने जन्माचा सण केला तसा या वाट पाहण्याचाही सण केला आहे, हे आज फार थोड्यांना माहीत असेल. सन ६५६ मध्ये स्पेनमधील टोलेडो येथे भरलेल्या दहाव्या धर्मपरिषदेने १८ डिसेंबर हा दिवस मरियेच्या सणासाठी ठरवला. पुढे तो तिच्या प्रसूतीच्या प्रतीक्षेचा सण म्हणून रूढ झाला. त्या सुमारास, १७ ते २३ डिसेंबर या दिवसांत, सायंप्रार्थनेतील पल्लवपदे ‘ओ’ या उद्‌गाराने सुरू होतात. त्यावरून पोर्तुगालमध्ये तिला ‘ओ ची माता’ असे नाव पडले. स्पेन-पोर्तुगालमधील जुन्या मूर्तींत ती भरल्या पोटावर हात ठेवून उभी असते. पोर्तुगीजांबरोबर ही भक्ती आपल्या देशातही आली. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर १५२३ साली बांधलेले चर्च याच प्रतीक्षा करणाऱ्या मातेच्या नावाने आहे. गव्हाणीतील बाळ मांडीवर घेतलेली मरिया आपण घरोघर पाहतो. पोटावर हात ठेवून, अजून काहीच न घडलेल्या दिवसांत उभी असलेली मरिया हीदेखील पूज्य मानली गेली, ही गोष्ट दिवस वर गेलेल्या प्रत्येक स्त्रीला कोणीतरी सांगितली पाहिजे.

या वाटेचा शेवट नेहमी मनासारखाच होतो असे नाही. कित्येकींना दोन-दोन दिवस कळा सोसून अखेर शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागते, आणि मग ‘नॉर्मल नाही झाली?’ असा हळहळीचा सूर कानी पडतो. जणू बाळंतपण ही परीक्षा होती आणि ती त्यात नापास झाली. अशा वेळी संत रेमंड यांची आठवण करावी. तेराव्या शतकातील या संतांना ‘नोनातुस’ म्हणजे ‘न जन्मलेला’ असे म्हणतात, कारण परंपरेनुसार मृत मातेच्या उदरातून त्यांना शस्त्राने बाहेर काढण्यात आले. ख्रिस्तसभेने त्यांनाच गरोदर स्त्रियांचे आणि सुईणींचे आश्रयदाते मानले. जन्माच्या मार्गावरून कोणाचे मोल ठरत नाही, ना बाळाचे ना आईचे.

आणि काही घरांत सर्व काळजी घेऊनही पाळणा रिकामाच राहतो. त्या आईबापांपुढे कारणमीमांसा करू नये, तुमची श्रद्धा कमी पडली असे तर चुकूनही सुचवू नये. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेच्या स्वाधीन करते आणि त्यांच्या तारणाची आशा बाळगते. १९९२ सालच्या ‘कॅथलिक श्रद्धाग्रंथा’त हे सांगितले आहे आणि २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्यावर सविस्तर लिहिले आहे. त्या बालकाची ज्यांनी वाट पाहिली त्यांची ती वाट वाया गेलेली नाही. ज्याचे तोंड पाहिले नाही त्याच्यावर नऊ महिने प्रेम करणे, हे प्रेम खरेच होते आणि ते देवापाशी जमा आहे.

मूल येते तेव्हा ते आपल्या तारखेने येत नाही, हा आईबापांना मिळणारा पहिला धडा आहे. पुढे ते आपल्या तारखेने चालणार नाही, बोलणार नाही, आपण ठरवलेल्या वर्षी आपण ठरवलेल्या वाटेला लागणार नाही. त्या प्रत्येक वेळी पुन्हा तोच प्रश्न उभा राहील: डोळे मिटून सोडून द्यायचे, की हाताला धरून ओढायचे? ज्यांनी त्या दहा-बारा दिवसांत लक्ष ठेवून थांबण्याची आणि वेळ येताच उठून निघण्याची सवय लावून घेतली, त्यांना पुढची उत्तरे थोडी सोपी जातील.

रोमन विधिग्रंथात प्रसूती जवळ आलेल्या स्त्रीसाठी आशीर्वादाची खास प्रार्थना आहे. आपल्या धर्मग्रामांत ती किती वेळा म्हटली जाते? आजाऱ्यांसाठी, परीक्षार्थींसाठी, मृतांसाठी आपण दर रविवारी प्रार्थना करतो. त्या यादीत, कोणाचेही नाव न घेता, ज्यांचे दिवस भरले आहेत अशा मातांसाठी एक ओळ घालता येईल. बाकावर टेकून, पोटावर हात ठेवून बसलेली एखादी मुलगी ती ऐकेल आणि आपल्याबरोबर सारा धर्मग्राम वाट पाहत आहे हे तिला समजेल. मग पायऱ्यांवर तिला काही विचारण्याची आवश्यकता उरणार नाही.